किल्ला मुलांना बांधू द्या

सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून मूल घरी येते, दप्तर कोपऱ्यात भिरकावते आणि पहिला प्रश्न विचारते, "माती कुठे मिळेल?" महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत दिवाळी अशी सुरू होते. चकलीचा सोऱ्या माळ्यावरून नंतर उतरतो, आकाशकंदील त्याच्याही नंतर. आधी माती.

अलीकडे मात्र या प्रश्नाला मोठ्यांकडून एक सोपे उत्तर मिळू लागले आहे : "माती कशाला? तयार किल्लाच आणू या." प्लास्टर ऑफ पॅरिसचा, बुरुज-तटबंदीसह रंगवलेला किल्ला बाजारात मिळतो. तो गॅलरीत ठेवला, वर महाराज बसवले, चार मावळे उभे केले की अर्ध्या तासात काम संपते. विकणाऱ्यांना मी दोष देणार नाही, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. आईवडिलांनाही देणार नाही. दोघे नोकरीवर, घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीच्या आवारात सगळीकडे फरशीचे ठोकळे बसवलेले. त्यांनी माती आणायची तरी कुठून? पण अर्ध्या तासात आपले नेमके काय हरवते, याचा हिशेब एकदा मांडायला हवा असे मला वाटते.

मातीचा किल्ला म्हणजे सुटीतले पाच-सहा दिवस चालणारे, मुलांनी स्वतः निर्णय घेण्याचे काम. आधी दगडविटांचा ढीग रचायचा, त्यावर भिजवलेले गोणपाट टाकायचे आणि वरून चिखल थापायचा. माती फार कोरडी असली तर भुगा होऊन घसरते, पाणी जास्त झाले तर ओघळते. थोड्या ओलाव्याने मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, हे पुस्तकात वाचण्याआधी बोटांना कळते. कडा फार उभा केला तर रात्रीतून ढासळतो. सकाळी उठून तो पुन्हा बांधावा लागतो आणि दुसऱ्या वेळी उतार आपोआप थोडा पसरट होतो. पायऱ्या कुठून न्यायच्या, तळे कुठे, भुयार कुठे निघणार, यावरून चौघांत भांडण होते आणि ते सोडवायला कुणीही मोठे माणूस येत नाही. तयार किल्ल्यात हे सगळे निर्णय दुसऱ्याच कुणीतरी आधी घेऊन टाकलेले असतात.

खरे किल्ले तरी कसे बांधले गेले? प्रत्येक ठिकाणी डोंगर, पाणी आणि शत्रूची वाट पाहून. रायगडाचा महादरवाजा दोन बुलंद बुरुजांच्या आड असा दडवला आहे की, खालून येणाऱ्याला तो सहजी दिसत नाही. १६६४ साली मालवणजवळच्या कुरटे बेटावर ज्याचे बांधकाम सुरू झाले, त्या सिंधुदुर्गाच्या आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, चहूकडे खारा समुद्र असताना! राजगडाच्या तीन माच्या तीन दिशांना पसरल्या आहेत आणि मधोमध बालेकिल्ला उभा आहे. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी आहे. हे तिन्ही किल्ले त्या बारांत आहेत. आपल्याला आनंद झाला, तो साहजिकच होता. पण गडावर पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न ज्या मुलाला चिखलात हात घालून पडला, त्याला तो वारसा आपला वाटेल. नुसते छायाचित्र पाहून तसे होणे कठीण.

आमच्या भागातल्या एका किल्ला-स्पर्धेचा मी दोन वर्षे परीक्षक होतो. काही किल्ले इतके देखणे की थक्क व्हावे. कारंजे, विजेचे दिवे, मोजून कापलेली तटबंदी. शेजारी वडील घाम पुसत उभे आणि मूल मागे तांब्या धरून! म्हणून मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारू लागलो, "या गडावर पाणी कुठून येते?" देखण्या किल्ल्यांपाशी मुले वडिलांच्या तोंडाकडे पाहत. एका ओबडधोबड किल्ल्यापाशी मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलीने मला टाकीपासून तळ्यापर्यंतचा पाट बोटाने दाखवला. भुयार कुठे निघते असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "ते नाही सांगणार. गुपित आहे." गुणपत्रिकेत या उत्तरासाठी रकाना नव्हता. तो असायला हवा होता, असे माझे आजही मत आहे.

आणखी एक गोष्ट या मुलीने दाखवली. किल्ला मुलग्यांचा आणि रांगोळी मुलींची, ही वाटणी आपण उगाचच करून ठेवली आहे. तिला चिखल द्या आणि तिच्या भावाच्या हातात रांगोळीची चिमूट. दोघांचेही भलेच होईल.

मोठ्यांनी मग करायचे काय? दोन घमेली माती, पाच-सहा विटा आणि एक जुने पोते मिळवून द्यायचे. एवढेच. अंगण नसेल तर गॅलरीत प्लॅस्टिकचा कागद पसरून त्यावर जुनी फळी ठेवावी, कुंड्यांतली माती वापरावी आणि दिवाळीनंतर ती कुंड्यांत परत घालावी. वसुबारसेच्या आठवडाभर आधी ओल्या उतारावर अळीव आणि मोहरी विखरावी. अळिवाचे दाणे भिजले की बुळबुळीत होऊन मातीला चिकटतात, म्हणून उतारावरूनही घरंगळत नाहीत. दोन-तीन दिवसांत त्यांना कोंब फुटतात आणि लक्ष्मीपूजनापर्यंत डोंगर हिरवागार होतो. पाणी मात्र शिंपडायचे, ओतायचे नाही. हे सांगून आपण बाजूला व्हावे. बुरुज वाकडा दिसला तर हात शिवशिवतील, त्यांना करंज्यांच्या कामाला लावावे!

गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणीलाही माझी एक विनंती आहे. आवार खराब होते म्हणून किल्ल्याला मनाई करणाऱ्या सूचना फलकावर लागतात. गाड्यांसाठी आपण जागा आखून देतो. वर्षातले पंधरा दिवस मुलांसाठी एका कोपऱ्यात चार फूट लांब, चार फूट रुंद जागा आखून द्यायला काय हरकत आहे? सुटी संपताना आवार झाडून देण्याची अट घाला. मुले ती पाळतील, कारण जागा त्यांच्या नावाची असेल. आणि एका इमारतीतली, एरवी एकमेकांची नावेही ठाऊक नसलेली दहा घरे या चार फुटांभोवती जमतील.

तुळशीच्या लग्नापर्यंत अळीव पिवळे पडतात, तट खचतो. तेव्हा किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावून तो उडवण्याची हौस काही जणांना असते. ती पुरवू नये. डोळ्यांना इजा होते आणि शेजाऱ्यांच्या काचाही फुटतात. त्यापेक्षा मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवावेत, विटा रचून ठेवाव्यात, माती चाळून कुंडीत भरावी. या कामालाही मुलांनाच बसवा. पुढच्या वर्षी पायऱ्या कुठल्या बाजूने न्यायच्या, याची चर्चा तेव्हाच सुरू झालेली तुम्हाला ऐकू येईल.