नव्या घरातला पहिला घास

मला मासे फार आवडतात. मालवणकडच्या माणसाने हे मुद्दाम सांगायला नको. पण 'मला मासे आवडतात' या साध्या वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात, हे अठरा वर्षे वर्गात शब्दशक्ती शिकवूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. आमच्या घरी आजवर जो मासा आला तो पिशवीतून आला आणि तव्यावर गेला. गेल्या डिसेंबरात मात्र एक मासा पिशवीतून आला तो थेट दिवाणखान्यातल्या टीपॉयवर स्थानापन्न झाला. कन्येचा वाढदिवस होता आणि तिला कुत्रा हवा होता. कुत्र्यापासून सुरू झालेली वाटाघाट मांजर, पोपट, कासव अशा पायऱ्या उतरत दीड बोट लांबीच्या एका माशावर येऊन थांबली, तेव्हा मी जिंकलो असेच मला वाटले होते.

दुकानात याला 'फायटर' म्हणतात, पुस्तकात 'बेट्टा'. गर्द निळे अंग, शालूच्या पदरासारखी लांब लालसर शेपटी. असे वीसपंचवीस वीर दुकानदाराने एकेका पेल्यात एकेक असे मांडून ठेवले होते. "साहेब, याला काही लागत नाही. छोटे भांडे पुरते. दोन दाणे टाकायचे, बस्स!" असे सांगून त्याने तीन लिटरचे एक गोल काचेचे भांडे आणि दाण्यांची डबी माझ्या गळ्यात मारली. ज्याला काही लागत नाही असा जीव घरात यावा, ही प्रत्येक गृहस्थाची अंतरीची इच्छा असते. मी विश्वास ठेवला. कन्येने त्याचे नाव 'बाजीराव' ठेवले.

बाजीराव भांड्याच्या तळाशी जाऊन बसले. शेपटी मिटलेली, रंग उतरलेला. मधूनच वर येऊन एक घोट हवा घ्यायची आणि पुन्हा तळ गाठायचा, एवढीच काय ती हालचाल. दाणे टाकले, ते तरंगले, फुगले, बुडाले. साहेबांनी त्यांच्याकडे मानही वळवली नाही.

मग आम्ही सगळेच कामाला लागलो. भांड्याभोवती कोंडाळे करून बसलो. कन्या काचेवर टिचक्या मारी, सौ. दिवा आणखी जवळ आणून ठेवी, मी चमच्याने दाणे त्याच्या नाकापुढे ढकली. 'लढाऊ मासा आरसा दाखवला की चेकाळतो' असे कोणीसे सांगितले, म्हणून आरसाही दाखवून झाला. क्षणभर त्याने गालांची झालर फुलवली आणि पुन्हा कोपरा धरला. कदाचित दाणेच आवडत नसतील म्हणून मी दुसऱ्या दिवशी आणखी दोन प्रकारचे दाणे आणले. तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखे गढूळ झाले.

हे सारे कोपऱ्यातल्या दिवाणावर बसून माझी आई पाहत होती.

तिच्याविषयी थोडे सांगायला हवे. वडील गेल्यावर चार वर्षे ती गावच्या घरी एकटीच राहिली. गेल्या दिवाळीनंतर पडवीत पाय घसरून पडली. हाड मोडले नाही, पण माझा धीर मोडला आणि मी तिला पुण्याला घेऊन आलो. दोन खोल्या आणि दिवाणखाना एवढेच आमचे घर. एका खोलीत आम्ही दोघे आणि कन्या, दुसरी माझ्या पुस्तकांची. म्हणून आईची व्यवस्था दिवाणखान्यात केली. मनात म्हटले, तिथे माणसांची ये-जा असते, टीव्ही आहे, तिचा वेळ जाईल. तिने तक्रार केली नाही. फक्त ती जेवेनाशी झाली. पानावर बसायची, अर्धी पोळी मोडायची आणि 'पुरे' म्हणायची. महिन्याभरात चार किलो वजन उतरले. डॉक्टरांनी रक्त तपासले, त्यात काही निघाले नाही. तेव्हा आम्ही तिच्याही पानाभोवती बसू लागलो. 'आई, एवढा तरी घास घ्या', 'आजी, श्रीखंड आणलंय', 'आई, आज तरी पोळी पूर्ण संपव.' घास तिच्या तोंडात जाईपर्यंत आमचे सहा डोळे तिच्या हाताबरोबर वर जात.

तर त्या तिसऱ्या संध्याकाळी ती भांड्याकडे बघून म्हणाली, "हो मासो खावचो नाय, मगे हाडलस कित्याक?" आम्ही हसलो. तीही थोडी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी मी महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना गाठले. मराठीचा माणूस आपणहून प्रयोगशाळेत आला याचेच त्यांना इतके अप्रूप वाटले, की मला त्यांनी पाऊण तास व्याख्यान दिले. हा मासा मूळचा थायलंडच्या मध्य भागातला. भाताची खाचरे, मंद वाहणारे कालवे, गवताळ उथळ पाणी हे त्याचे माहेर. तिथे त्याला 'प्ला कट' म्हणजे चावरा मासा म्हणतात. थिओडोर कँटर नावाच्या डॉक्टराने १८४९ साली त्याच्याविषयी लिहिले, पण नाव चुकीचे दिले. आजचे शास्त्रीय नाव रेगन या शास्त्रज्ञाने १९१० साली दिले. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केले. म्हणजे आमच्या टीपॉयवर एका देशाचे मानचिन्ह उपाशी बसले होते!

त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर नागमोडी घड्यांचे एक इंद्रिय असते. त्याच्या साह्याने तो थेट हवेतून प्राणवायू घेतो. आपल्याकडची मरळही अशीच हवा घेते, म्हणून बाजारात ती तास तास जिवंत राहते. इंग्रजीत या इंद्रियाला चक्रव्यूहाचे नाव आहे. पण या अभिमन्यूला आत शिरणे आणि बाहेर पडणे दोन्ही येते. ते येते म्हणूनच तो पेल्यात जिवंत राहतो आणि दुकानदाराला 'याला काही लागत नाही' म्हणता येते. "मरत नाही, याचा अर्थ जगतो आहे असा नव्हे," सहकारी म्हणाले. हे वाक्य घेऊनच मी घरी आलो.

त्यांनी सांगितले ते असे. याला निदान वीस लिटरची टाकी हवी. पाणी २५ ते २७ अंश हवे. हा ऊबदार देशातला जीव, थंड पाण्यात त्याचे पचनच मंदावते, मग भूक कुठली? पुण्यातल्या डिसेंबरात आमच्या भांड्यातले पाणी मोजले ते १९ अंश भरले. नळाच्या पाण्यातले क्लोरीन मारणारे थेंब मिळतात, ते घालावेत. उरलेले अन्न तासाभरात काढून टाकावे, कारण त्याच्या कुजण्याने आणि माशाच्या मैल्याने पाण्यात अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढायला काही आठवडे लागतात. हा वेळ वाचावा म्हणून त्यांनी आपल्या प्रयोगशाळेतल्या जुन्या टाकीतला एक स्पंजच मला पिळून न घेता, ओला तसा पिशवीत घालून दिला. टाकीला झाकण हवे, कारण स्वारी उडी मारते. लपायला झाडपाला हवा. आणि शेवटचे म्हणजे, नव्या जागी आल्यावर पहिले दोनतीन दिवस या माशाने अन्नाला तोंड लावले नाही तर घाबरायचे नाही. धडधाकट मासा आठवडाभरही उपाशी राहू शकतो. तो उपासाने सहसा मरत नाही, आपल्या काळजीने मात्र मरतो.

लपायला देशी बदामाची वाळकी पाने उत्तम, असेही ते म्हणाले. ती पाण्यात टाकली की चहासारखा रंग उतरतो आणि या माशांना असे पाणी मानवते. आमच्या महाविद्यालयाच्या आवारात बदामाचे मोठे झाड आहे. दुपारच्या सुटीत मी त्याखाली वाकून बिनडागाची पाने निवडत होतो. बी. ए.च्या मुली लांबून बघत होत्या. शेवटी शिपाई धावत आला आणि म्हणाला, "सर, राहू द्या, झाडलोट आम्ही करतो."

संध्याकाळी टाकी आली, हीटर आला, स्पंज बुडबुडू लागला. बाजीरावांना पिशवीत घालून ती पिशवी अर्धा तास नव्या पाण्यावर तरंगत ठेवली आणि थोडे थोडे टाकीतले पाणी तिच्यात मिसळत गेलो. मग त्यांना हलकेच सोडले. ते थेट बदामाच्या पानाखाली गेले आणि आम्ही तिघे सवयीने टाकीसमोर मांडी ठोकून बसलो.

"उठा बघू," आई म्हणाली. आवाज गावच्या घरातला होता. "तेका जरा एकटो ऱ्हवांदे. दिवो बंद कर. सगळी हंयसून उठा."

"अगं, पण खातो की नाही ते बघायला नको?"

"बघतास म्हणान खाणा नाय," ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे न बघता, टाकीकडेच बघत तिने सांगितले, "मी तुमच्या घराक नवीन इलंय तेव्हा चार दिस धड जेवूक नाय. सगळी माझ्या ताटात बघीत. पाचव्या दिसाक तुझ्या आजयेन माका चुलीकडे एकटीक बसयल्यान आणि आपण भायर गेली. तेव्हा घास उतारलो."

माझ्या आईच्या तोंडून तिच्या नववधूपणाची गोष्ट मी पन्नाशीला टेकताना प्रथमच ऐकली. मी दिवा मालवला. आम्ही तिघे आत गेलो. दिवाणखान्यात हीटरचा तांबडा ठिपका, पाण्याचे बुडबुडे आणि आई, एवढेच राहिले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. थंड पाणी, उघडे काचेचे भांडे, लपायला कोपरा नाही, डोळ्यांवर दिवा, भोवती माणसे, आणि नाकापुढे सतत ढकललेले अन्न, तेही आपल्या आवडीचे, त्याच्या नव्हे. यादी मी माशाची करत होतो. पण तिच्यातला एकेक कलम दिवाणावरच्या माणसाला लागू पडत होता. पेजेवर आणि भातावर वाढलेल्या बाईला आम्ही रोज पोळ्या आणि श्रीखंड वाढत होतो. जिने चार खणांच्या घराची दारे स्वतःच्या हाताने लावली-उघडली, तिला निजायला जागा दिली ती जाण्यायेण्याच्या वाटेवर. कपडे बदलायलाही तिला न्हाणीघरात जावे लागत होते. तिला काही लागत नाही, असे मीही मानले होते. दुकानदार निदान ते विकण्यासाठी म्हणत होता.

पाचव्या दिवशी दुपारी मी परतलो तो आई टाकीजवळ वाटाणे सोलत बसलेली. म्हणाली, "खाल्लान." कुंडीखालच्या बशीत साठलेल्या पाण्यात तिला डासांच्या अळ्या दिसल्या होत्या. चहाच्या गाळणीने तिने चार अळ्या टिपल्या, धुतल्या आणि पानाजवळ सोडून दिल्या. मग पाठ फिरवून वाटाणे सोलत बसली. गावच्या विहिरीतले मासे काय खातात हे तिला ठाऊक होते, तिला कुणी विचारले नव्हते एवढेच. सौ.ने प्रथम ती बशी घासून कोरडी केली, आणि ते योग्यच, कारण डेंग्यूचे डास अशाच पाण्यात वाढतात. पण एकदा तोंड उघडले ते उघडले. पुढे दाणेही चालू लागले. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, पाण्यात किंचित भिजवून. पहिले काही दिवस तो दाणा तोंडात घेऊन थुंकायचा आणि पुन्हा घ्यायचा. हीही या माशांची रीतच आहे. जास्त घालायचे नाही, ते मागतात तरीही.

त्या रविवारी मी पुस्तकांची खोली रिकामी केली. सहा कपाटांतली तीन दिवाणखान्यात आली, दोन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली. आईचा पलंग, तिची ट्रंक, तिचे देव आत गेले. दाराला आतून कडी बसवली. आई "कित्याक, कित्याक" म्हणत राहिली, पण तिने अडवले नाही. माझे लिहिण्याचे टेबल भक्कम सागवानी होते. वीस लिटरची टाकी पेलेल असे घरात दुसरे काही नव्हते. ते पाण्यासकट आत गेले. रात्री तिच्यासाठी पेज आणि सुकटीची चटणी केली, पान तिच्या खोलीत नेऊन ठेवले आणि दार लोटून घेतले. बाहेर आम्ही तिघे टीव्हीकडे बघत होतो, म्हणजे बघत नव्हतो. अर्ध्या तासाने ती रिकामे ताट घेऊन स्वतः बाहेर आली. कुणी काही बोलले नाही. आम्ही शहाणे झालो होतो.

आता ती आमच्याबरोबर टेबलावर जेवते. मन नसले तर आत जेवते. चारांतले तीन किलो परत आले आहेत. मध्यंतरी बाजीरावांनी पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधले. 'आपल्यावर खूश आहे!' असे कन्या म्हणाली, तेव्हा प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी तिला समजावले की हे नराचे पिलांसाठी बांधलेले घर असते, वयात आला की मादी नसली तरी तो ते बांधतो, त्यात कृतज्ञता वगैरे काही नाही. आईने ते ऐकून घेतले. "तरी घर बांदल्यान मा?" एवढेच म्हणाली.

वाचकहो, हा मजकूर मी जेवणाच्या टेबलावर लिहितो आहे. एका कोपऱ्यावर आमटीचा डाग पडला आहे, तो संपादक समजून घेतील. माझे टेबल आत आहे. पण तिकडचे दार लोटलेले आहे, आणि लोटलेले दार उघडायचे नसते, हे मला एका माशाने शिकवले आहे.