ज्वारीचं वाण मागण्याआधी रानाची खोली मोजा



ज्वारी निघाली, कडबा रचून झाला. रब्बीची रानं आता मोकळी आहेत. अवकाळीचा भरवसा नाही, म्हणून उघड्यावरचा कडबा, कांदा झाकून ठेवा. त्यासोबत एक काम याच दिवसांत करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

पुढच्या रब्बीसाठी बियाण्याची एकत्र मागणी नोंदवायची वेळ येते, तेव्हा बरेच सभासद म्हणतात, "केंद्रावर जे वाण चांगलं आलंय, तेच द्या." सोलापूरच्या कोरडवाहू केंद्रात १९३३ पासून काम चालू आहे. आपलं राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठही ज्वारीत पुढे आहे. त्यांच्या कामाबद्दल शंका नाही. पण "चांगलं आलं" एवढंच ऐकून आपण निघतो. कोणत्या जमिनीत आलं, हे विचारत नाही. माझ्या मते आपलं नुकसान इथेच होतं.

रब्बी ज्वारी वरच्या पावसावर कमी आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर जास्त येते. एक फूट मातीच्या रानात दोन फुटी रानाच्या साधारण निम्मीच ओल मावते. अशा रानात उशिरा येणारं वाण टाकलं तर निसवताना ओल संपते. कणीस पोचट राहतं, कडबाही आखूड. दाणा गेला तर भाकरी विकत आणता येईल, पण कडबा गेला तर उन्हाळ्यात दावणीला काय घालायचं?

राहुरीने वाणं जमिनीच्या खोलीनुसारच दिली आहेत:
• एक फुटापर्यंत, हलकी: फुले अनुराधा, फुले माऊली
• एक ते दोन फूट, मध्यम: फुले सुचित्रा, मालदांडी ३५-१
• दोन फुटांच्या वर, भारी: फुले वसुधा, फुले यशोदा
• पाण्याची सोय असलेली भारी: फुले रेवती

कुणी म्हणेल, "भाकरी मालदांडीचीच." खरं आहे, पण ती मध्यम रानात घ्या. मुरमाड माळावर तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका. कुणी म्हणेल, "पाऊस चांगला झाला की कोणतंही वाण येतं." तेही खरं. पण आपल्या जिल्ह्यात अकोल्याच्या घाटघर-रतनवाडीला धो धो कोसळतो आणि जामखेड, कर्जत, पाथर्डी कोरडं राहतं. चांगल्या पावसाचा हिशोब धरून बी घेणं म्हणजे जुगारच.

म्हणून आता रान मोकळं आहे तोवर पहार-कुदळ घ्या. प्रत्येक गटात तीन ठिकाणी, चढाला, मध्यभागी आणि उताराला, मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या आणि टेपने माती मोजा. एका सकाळचं काम आहे, खर्च शून्य. एकाच गटात वर एक फूट आणि खाली अडीच फूट निघाली तर दोन वाणं घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी गोष्ट पावसाची. राहुरीचा हवामान सल्ला मंगळवारी-शुक्रवारी येतो, तो जरूर वाचा. पण तो जिल्ह्याचा असतो, तुमच्या शिवाराचा नाही. वाडीवर एक साधं पर्जन्यमापक लावा आणि वहीत रोज नोंद ठेवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. हिवरे बाजारने पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला आणि पिकं त्यावर ठरवली. ते गाव आपल्याच नगर तालुक्यातलं आहे, तिथलं आभाळ काही वेगळं नाही.

माझं मत स्पष्ट आहे: खोली मोजल्याशिवाय कंपनीने कुणाचीही वाणाची मागणी घेऊ नये, माझीसुद्धा नाही. केंद्राचं ज्ञान आपल्या रानाच्या मापाला लावलं तरच त्याचा दाणा होतो.

अक्षय्य तृतीयेच्या आत गट नंबर आणि तिन्ही खड्ड्यांची खोली याच नंबरवर पाठवा. लिहिणं जमत नसेल तर आवाजी मेसेज टाका. आणि मोजून झाल्यावर खड्डे बुजवा, जनावर अडखळायला नको.