ठसा म्हणजे शोपीस नव्हे!

मंडळी, हल्ली बड्या दुकानांतून आणि इंटरनेटवरून एक नवी (म्हणजे जुनी!) वस्तू जोरात खपते आहे. लाकडावर कोरलेला छपाईचा ठसा. पॉलिशने चकाकणारा, मागे पितळी कडी, आणि सोबत चिठ्ठी, 'ब्रिटिशकालीन अँटिक'. किंमत विचारू नका. सोफ्याच्या वर तो टांगला की घरमालकाच्या रसिकतेवर शिक्कामोर्तब होते म्हणे. माझा या प्रकाराला विरोध आहे. ज्यांच्या भिंतीवर असा ठसा आहे त्यांनी रागावू नये, आणि रागावलात तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी त्या चिठ्ठीबद्दल. 'ब्रिटिशकालीन' हा शब्द वाचून गिऱ्हाइकाला वाटते की हे साहेबाचे काम. साहेबाने कोरले काय? १७७८ साली हुगळीला हॅल्हेडचे बंगाली व्याकरण छापले गेले. त्याच्या खिळ्यांचे श्रेय विल्किन्सला मिळाले, पण त्याच्याबरोबर राबला तो पंचानन कर्मकार. पुढे श्रीरामपूरला केरीच्या छापखान्यात तोच पंचानन आणि त्याचा जावई मनोहर होते. ती धातूची कामे झाली. लाकूड आणि चित्रांचे म्हणाल तर १८१६ साली कलकत्त्याला गंगाकिशोर भट्टाचार्यांनी भारतचंद्रांचे 'अन्नदामंगल' सचित्र काढले. त्यातल्या चित्रांवर रामचंद राय हे नाव आहे. नंतर बटतल्याच्या गल्ल्यांमधून पंचांगांत, पोथ्यांत, सुट्या कागदांवर लाकडी ठशांची चित्रे घरोघर गेली, आणि तिथल्या काही कारागिरांनी चित्राच्या कडेलाच आपले नाव कोरून ठेवले. इतके करूनही आमची चिठ्ठी म्हणते 'ब्रिटिशकालीन'! आणि आपल्याकडे? नाना फडणविसांनी पुण्यात एका तांबटाला कोरायला बसवले होते. ते काम अर्धवट राहिले आणि पुढे १८०५ साली मिरजेला तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. प्रियोळकरांनी हा सगळा इतिहास लिहून ठेवला आहे. पेशवाई बुडायला तेव्हा अजून तेरा वर्षे होती. हीच वस्तू आज बाजारात आली असती तर तिलाही तीच चिठ्ठी लागली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बरे, निम्म्या वेळा तो ठसा कागदाचा नसतोच. कापडाचा असतो. ओळखणे काही कठीण नाही. कापडाचा ठसा जाडजूड असतो, मागे धरायला मूठ असते, खोल कोरलेला असतो, हवा निघून जावी म्हणून त्यात आरपार भोके पाडलेली असतात आणि नक्षी पुढच्या छापाशी जुळावी म्हणून कोपऱ्याला खुणा असतात. कागदाचा ब्लॉक याच्या अगदी उलट. तो खिळ्यांच्या उंचीचा, म्हणजे साधारण २३ मिलिमीटर, कारण त्याला खिळ्यांबरोबर एकाच चौकटीत आवळून बसायचे असते. तांब्याच्या पत्र्याला हे जमत नाही, त्याची छपाई वेगळी करावी लागते. लाकडी ब्लॉक स्वस्त पुस्तकांत टिकून राहिला तो या गुणामुळे. बारीक कामाचा ब्लॉक तर उभ्या फळीवर कोरतच नाहीत, खोडाच्या आडव्या कापावर कोरतात. म्हणून रेषा केसासारखी येते.

कापडाच्या ठशाला 'ब्रिटिशकालीन' म्हणणे ही तर थट्टाच झाली. आपल्या छिटांनी विलायतेत इतका धुमाकूळ घातला होता की १७०० साली तिथल्या पार्लमेंटने हिंदुस्थानी छापील कापडावर बंदी घातली आणि १७२१ साली ती आणखी कडक केली. मग त्यांच्या गिरण्या आल्या आणि आमच्या छिप्यांचे, रंगाऱ्यांचे, भावसारांचे ठसे माळ्यावर गेले. ज्याने धंदा बसवला त्याच्या नावाने आता ते हत्यार विकायचे!

असो. आता माझा मुख्य राग. हे ठसे विकण्याआधी 'साफ' केले जातात. तारेच्या ब्रशने घासतात, कॉस्टिकमध्ये बुडवतात, वरून व्हार्निश. खाचेत वाळलेली शाई हा विकणाऱ्याच्या दृष्टीने मळ. अहो, तो मळ नाही, पुरावा आहे! कोणत्या रंगात छापत होते ते त्या शाईवरून कळते. मागच्या बाजूला कधी पेन्सिलीने काढलेला आकडा असतो, कधी फळी पुरवणाऱ्याचा शिक्का असतो. नेमका तिथेच हा बहाद्दर कडी ठोकतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे चिरा बुजवतो. लाकडाला चीर गेली की त्यानंतरच्या प्रत्येक छापात ती पांढऱ्या रेषेसारखी उमटते, आणि वापराबरोबर वाढत जाते. ज्या पुस्तकांवर साल छापलेले नाही त्यांतली आधीची कोणती आणि नंतरची कोणती, हे त्या रेषेवरून लावता येते. वाळवीच्या भोकांचेही तेच. जुन्या स्वस्त पोथ्यांवर सालाचा पत्ता नसणे ही नेहमीचीच गोष्ट. म्हणजे अभ्यासकाच्या हाती असलेला एक धागा चार आण्याच्या लांबीने बुजवून टाकला, तो कशासाठी, तर वस्तू 'फिनिश्ड' दिसावी म्हणून.

यावर एक उत्तर मला हमखास मिळते. "गुरुजी, आम्ही घेतले नसते तर हे बंबात गेले असते." हे उत्तर खोटे नाही. गावोगावचे छापखाने ऑफसेट आल्यावर मोडीत निघाले तेव्हाचा काळ मी पाहिला आहे. आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका ज्या छापखान्यात ट्रेडलवर छापल्या जात, तो बंद झाला तेव्हा खिळे शिशाच्या भावाने किलोवर गेले आणि गणपतीचे, बैलजोडीचे, हळदीकुंकवाच्या करंड्याचे ब्लॉक पोत्यात भरून कोणी नेले ते मालकालाही आठवेना. तेव्हा जळण होण्यापेक्षा भिंत बरी, हे मला मान्य आहे. पण बंबातून वाचवले म्हणून त्याची कातडी सोलायचा परवाना मिळत नाही ना? एका छापखान्याचे पन्नास ब्लॉक एकत्र राहिले तर त्या छापखान्याचा इतिहास लिहिता येतो. पन्नास घरांत पन्नास गेले, कुठून आले याची नोंद नाही, की उरते ते नुसते लाकूड. दिनकर केळकरांनी पुण्यात दिवे आणि अडकित्ते जमवले, तेही रोजच्या वापरातलेच होते. पण त्यांनी ते एकत्र ठेवले, आणि म्हणून आज शाळेची मुले रांगेने जाऊन बघतात.

परदेशी पार्सल पाठवू, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या दुकानदारांना माझा एकच प्रश्न आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे अशी कोरीव वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा ठसा खरेच तितका जुना असेल तर तुम्ही कायदा मोडता, आणि नवा असेल तर गिऱ्हाइकाला फसवता. यातले काय करता तेवढे सांगा!

ज्यांनी आधीच घेऊन ठेवला आहे त्यांनी तो टाकू नये, कुणाला विकूही नये. व्हार्निश लावू नका, तेलाचा हात देऊ नका. उन्हाच्या आणि ओलीच्या भिंतीवरून काढा. शाई लावून छाप घेण्याचा मोह आवरा. पातळ कागद वर ठेवून मऊ शिसपेन्सिल अलगद फिरवली की नक्षी कागदावर उतरते आणि ठशाला काही होत नाही. अक्षरे असतील तर मोबाइलवर फोटो काढून तो उलटा करा, सुलट वाचता येतील. मागच्या बाजूचाही फोटो घ्या. कुठे घेतला, कोणी दिला, तो कुठून आणल्याचे सांगत होता, हे एका कागदावर लिहून ठशासोबत ठेवा. आणि नवीन घ्यायला गेलात तर दुकानदाराला गाव आणि छापखाना विचारा. तो पावतीवर 'लाकडी शोभेची वस्तू' एवढेच लिहून देत असेल तर पाकीट खिशातच राहू द्या.