निळा घोडा आणि आपला चित्रकलेचा तास

गेल्या वर्षी आमच्या दुसरीतल्या एका मुलीने जांभळी म्हैस रंगवली. मी सहज म्हणाले, "अगं, म्हैस काळी असते ना?" तिने मुकाट्याने काळा खडू उचलला आणि अख्खी म्हैस घोटून काळी केली. शिंगांपाशी थोडा जांभळा रंग तेवढा राहिला. आपलं काही चुकलं, असं तेव्हा मला वाटलंही नव्हतं. पुढे एरिक कार्लविषयी वाचलं आणि ती म्हैस डोळ्यांपुढून हलेना.

एरिक कार्ल म्हणजे 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' या १९६९ सालच्या चित्रपुस्तकाचा लेखक आणि चित्रकारही. सोमवारी एक सफरचंद खाणारी, शनिवारी केक-आइस्क्रीमपासून कलिंगडापर्यंत सगळं हादडून पोट दुखवून घेणारी ती अळी तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असेल. तिची गोष्ट सुचली कशी? कागदाच्या गठ्ठ्याला पंचिंग मशीनने भोकं पाडता पाडता! भोकं बघून कार्लला पुस्तकं कुरतडणारा किडा आठवला. संपादक ॲन बेनेड्युस यांना किडा काही रुचेना, त्यांनी अळी सुचवली, आणि अळी म्हटल्यावर शेवटी फुलपाखरू आलंच. भोकांची, लहान-मोठ्या पानांची ही छपाई अमेरिकेत परवडणारी नव्हती, म्हणून पुस्तक जपानमध्ये छापलं गेलं. (फुलपाखरू 'ककून'मधून कसं काय बाहेर येईल, तो शब्द तर पतंगाच्या कोशासाठी, असा आक्षेप कार्लवर पुष्कळदा घेतला गेला. मराठीत दोन्हींना कोशच म्हणतात, त्यामुळे आपण त्या वादातून सुटलो.)

पण मला खरी गंमत वाटते ती चित्रांची. कार्ल चित्र काढून त्यात रंग भरत नसे. आधी तो नुसते कागद रंगवायचा. पातळ टिश्यू कागदावर रुंद ब्रशने, बोटांनी, स्पंजाने, कधी सतरंजीसारख्या गालिच्याच्या तुकड्याने रंगाचे फराटे, ठिपके, ओरखडे. ते वाळले की रंगानुसार वेगवेगळ्या खणांत ठेवून द्यायचे. पुस्तक करायची वेळ आली की त्या खणांतून हवा तो कागद काढायचा, आकार कापायचा आणि खळीसारख्या डिंकाने चिकटवायचा. लक्षात घ्या, रंगवताना त्या कागदाला काहीच व्हायचं नसतं. ना पान, ना अळी. त्यामुळे तो चुकूच शकत नाही.

हे 'चुकणं' कार्लच्या आयुष्यात फार आधी आलं होतं. त्याचा जन्म १९२९ चा, अमेरिकेतल्या सिरॅक्यूजचा. तिथल्या बालवर्गात उजेडाची खोली, मोठाले कागद, जाडे ब्रश. तो सहा वर्षांचा असताना आईवडील जर्मनीला परतले. तिथल्या शाळेत हातात काय पडलं? छोटा कागद, टणक पेन्सिल, पट्टी आणि चुकायचं नाही ही ताकीद. पुढे नाझी राजवटीत आधुनिक चित्रकलेवर बंदी असताना, हेर क्राउस या त्याच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी त्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घरी बोलावून ती निषिद्ध चित्रं गुपचूप दाखवली. पिकासो, क्ले, फ्रान्झ मार्क. त्यात मार्कचे निळे घोडे! २०११ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, कार्लने निळ्या घोड्याचंच पुस्तक केलं. त्यात लाल मगर आहे, हिरवा सिंह आहे, जांभळा कोल्हाही आहे.

एका शिक्षकाने दिलेली पट्टी आणि दुसऱ्याने दाखवलेला घोडा, दोन्ही मुलाच्या मनात जन्मभर राहतात. आपल्यावर तर कुणाची बंदीसुद्धा नाही. तरी आपल्या वर्गातल्या चाळीस कागदांवर तेच दोन डोंगर, मधे अर्धा सूर्य, खाली झोपडी, शेजारी नारळाचं झाड आणि आभाळात चारच्या आकड्याचे पक्षी. यातल्या किती मुलांनी डोंगरातून उगवणारा सूर्य पाहिलाय? फळ्यावर ते आपणच काढून दिलेलं असतं. आणि पालकहो, प्रोजेक्टची चित्रं रात्री जागून तुम्ही काढता, हे आम्हाला कळतं बरं का!

वेळ नाही, साहित्य नाही, हे मलाही माहीत आहे. पण जुनी वर्तमानपत्रं, पाठकोरे कागद, पाण्यातले रंग आणि घरी शिजवलेली मैद्याची खळ एवढं तरी जमतं. कार्यानुभवाच्या एका तासाला नुसते कागद रंगवू द्या. "काय काढलंस?" असं अजिबात विचारू नका. वर्गात दोरी बांधून ते वाळत घाला, रंगांप्रमाणे खोक्यांत भरा. पुढच्या आठवड्यात मुलांना त्यातून कापू-चिकटवू द्या. आमच्या वर्गात हिरवं खोकं सगळ्यात आधी रिकामं झालं, आणि त्यातून एकही झाड निघालं नाही. तीन कुत्रे, एक एसटी आणि कुणाची तरी आजी निघाली.