नळकांड्यातून न निघणारी धूळ
हिवाळ्यात हरियाणातल्या मानेसरला उभ्या केलेल्या गाडीच्या काचेवर सकाळी करडा थर बसतो. बोट फिरवलं की चिकट लागतो. ही सगळी रस्त्याची माती असते, हा समज चुकीचा आहे. त्यातला काही भाग कुठल्याच नळकांड्यातून बाहेर पडलेला नसतो, तो हवेतच तयार होतो. जयपूर महामार्गावरचे ट्रक आणि कारखान्यांतले जनरेटर नायट्रोजनची ऑक्साइडं सोडतात, हवेत त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. भोवतालच्या शेतांतला युरिया आणि गोठ्यांतलं शेण अमोनिया देतात. थंड, दमट रात्री दोघांची गाठ पडली की अमोनियम नायट्रेटचे कण जन्मतात, थेट फुप्फुसाच्या तळाशी उतरणारे. ऊन चढलं की त्यातले बरेच पुन्हा वायू होतात, म्हणून दुपारी हवा जरा बरी वाटते. याच मानेसरात ‘आयकॅट’ या चाचणी केंद्रात वाहनांचा धूर तपासला जातो. १ एप्रिल २०२० पासून देशभर वाहनांच्या धुराचं बीएस-६ हे मानक लागू झालं, डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आली. हे मोठंच काम झालं. पण अमोनियाकडे कोण बघतं? २००९ च्या राष्ट्रीय मानकात त्याची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ४०० मायक्रोग्रॅम आहे, सूक्ष्म कणांची अवघी ६०. म्हणजे अमोनिया कागदावर निर्दोष राहतो आणि त्याच्यापासून झालेली धूळ आपण श्वासात घेतो. अमोनियाची मर्यादा नव्याने ठरवायलाच हवी.