मॅच पाहायची, पण कोणत्या दारातून?

‘सर, लिंक आहे का?’ मोठ्या मॅचच्या दिवशी वर्गात हा प्रश्न हमखास येतो. २०२२ च्या कतार विश्वचषकात तो आला नाही, कारण जिओसिनेमावर सामने फुकट होते. १० डिसेंबरला रात्री ८.३० ला मोरोक्को-पोर्तुगाल सामना सुरू झाला. एन-नेसिरीच्या एकमेव गोलवर मोरोक्को उपांत्य फेरीत गेला, तिथवर पोहोचणारा पहिला आफ्रिकी आणि पहिला अरब संघ. मोहल्ल्याच्या चौकात रात्री पडद्यासमोर मुलगेच असतात. मोबाइलमुळे ही मॅच मुलींनी आणि त्यांच्या अम्मींनीही घरात पाहिली. मला त्याचं मोल जास्त वाटतं.

आता मोठ्या लीगना पैसे पडतात, म्हणून मुलं टेलिग्रामवरच्या चोरट्या लिंककडे वळतात. ‘फुकट मॅच’वालं एखादं अ‍ॅप आधी एसएमएस वाचायची परवानगी मागतं, ओटीपी जातो तो तिथूनच. शिवाय हा दुसऱ्याचा हक्क मारणं आहे. बिस्किटाच्या पुड्यावर हलाल-हराम शोधणारे आपण इथे गप्प का?

चार घरांनी मिळून एक वर्गणी भरावी, एकाच टीव्हीवर पाहावं. (ऑनलाइन चित्र काही सेकंद मागे असतं, केबलवाला शेजारी आधी ओरडला तर चिडू नका.) आणि त्या खोलीत मुलींची जागा आधी ठेवा.