दुखणे वेगळे, दुबळेपणा वेगळा

रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिन वर्गातील गोळी आज गोव्याच्या कित्येक घरांत रात्रीच्या जेवणामागोमाग घेतली जाते. २०२४ साली निवर्तलेले जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी १९७३ मध्ये बुरशीतून या वर्गातील पहिले द्रव्य वेगळे केले. हृदयविकाराचे असंख्य झटके या औषधाने टाळले, याविषयी दुमत नाही. गोळीने पाय दुखतात ही तक्रारही जुनीच. पण २०२२ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केलेल्या मोठ्या विश्लेषणात अशा तक्रारींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांचे कारण गोळी नव्हे, असे आढळले. तेव्हा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळी टाकून देणाऱ्यांचे आम्ही मुळीच समर्थन करीत नाही.

आम्हांस बोलावयाचे आहे ते लाखांत दोघातिघांना गाठणाऱ्या एका निराळ्या व्याधीविषयी. स्टॅटिन यकृतातील ज्या विकराला अडविते, त्याच विकराविरुद्ध काहींचे शरीर प्रतिपिंडे निर्माण करते आणि आपल्याच स्नायूंवर उलटते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०११ साली हा उलगडा केला. कधी गोळी सुरू करून वर्षे लोटल्यावर हे घडते. येथे दुखण्यापेक्षा दुबळेपणा मोठा असतो: पाटावरून उठवत नाही, देवळाच्या तळीच्या पायऱ्या चढवत नाहीत, केस विंचरावयास हात वर जात नाही. आणि मुख्य म्हणजे, गोळी थांबविली तरी ऱ्हास थांबत नाही. स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट, इम्युनोग्लोब्युलिन अशा उपचारांनी शरीराचा हा उलटा मारा आवरावा लागतो. विलंब झाला तर गेलेले बळ पुरते परत येईलच असे नाही.

हा विलंब होतो कसा? घरचे म्हणतात, वय झाले. दवाखान्यात संधिवाताचे मलम मिळते. वास्तविक रक्तातील सीके तपासले तर आकडा हजारांत गेलेला दिसतो आणि पुढची दिशा कळते. पण एकाच जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे गोळ्या नेणाऱ्यास हे विचारणार कोण? पाकिटातील मुंगीच्या पायांएवढ्या इंग्रजी अक्षरांनी ते काम होणार नाही.

बांबोळीच्या गोमेकॉने दुबळेपणाची ही लक्षणे मराठी-कोंकणीत छापून प्रत्येक फार्मसीत लावण्याचा पुढाकार घ्यावा. निदान झालेल्या रुग्णाच्या केसपेपरवर 'स्टॅटिन पुन्हा देऊ नये' असे ठळक लिहिले जावे. एरवी पुढचा डॉक्टर वाढलेले कोलेस्टेरॉल पाहून सद्भावनेने तीच गोळी पुन्हा लिहून देईल.